प्रभात नावाच्या सगळ्या पाट्या

त्या गल्लीत बेकरी प्रभात, लाँड्री प्रभात, दातांचा दवाखाना प्रभात, आणि कोपऱ्यावरचं ड्रायव्हिंग स्कूलही प्रभातच. मालकांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नाही. गाल सुजलेली माणसं बेकरीत जाऊन "माझा नंबर कितवा?" विचारायची आणि केकच्या ऑर्डरी दातांच्या डॉक्टरला फोनवर यायच्या. डॉक्टर बिचारा त्या घ्यायचासुद्धा!

हा सगळा घोळ पेंटरकाकांचा. गिऱ्हाईक नाव ठरवताना जरा घुटमळलं की काका ब्रश उचलून मोकळे. "प्रभात ठेवा हो. हाताला बसलंय माझ्या. वर उगवता सूर्य फुकट!" फुकट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आधी हा निव्वळ आळस होता. अलीकडे मात्र काकांना नीट दिसेनासं झालं होतं. बाकीची अक्षरं पुसट व्हायची, ही तीन तेवढी हात आपसूक काढायचा. काकांनी याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पाट्या सुटल्या तर करायचं काय? दुसरं काही येत नव्हतं त्यांना.

आणि नेमकं लेकीनं चष्म्यांचं दुकान काढलं. "पाटी तुम्हीच रंगवायची, बाबा. पण प्रभात नको हं. 'मैत्री' लिहा."

"अगं, प्रभात काय वाईट आहे?"

"मैत्री," लेक म्हणाली. बापाचीच लेक ती, ऐकतेय कशाला!

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी काका फळी घेऊन बसले. 'मै' भलताच मोठा झाला, 'त्री' घसरत पार कडेला गेली. लेक मागे येऊन कधी उभी राहिली, कळलंच नाही. काका गोरेमोरे झाले. लेक ना हसली, ना रागावली. हाताला धरून तिनं त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि नाकावर जड फ्रेम चढवून तीत एकेक भिंग लावून बघायला लागली.

"तुला ठाऊक होतं?"

"म्हणून तर दुसरं नाव सांगितलं. एरवी बसला असतात का इथे?"

तपासणीची ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून काका तडक कोपऱ्यावर गेले आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीखाली उभे राहिले. सूर्य अक्षरांवर चढलेला, रंग खाली ओघळलेला. शी! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मास्तर, असलं ध्यान दारावर लावलंत तरी कसं?"

ड्रायव्हिंगच्या मास्तरांनी डोकं खाजवलं. "खरं सांगू का, काका? मला आईचं नाव द्यायचं होतं. पण तुम्हाला आता तेवढंच जमतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तुमचं काम कोण काढून घेणार?"

शिवी हासडावी की मिठी मारावी, काकांना काही सुचेना. फ्रेम काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा नाकावर चढवली.

"शिडी धरा," ते म्हणाले, "आणि आईचं नाव सांगा."