अप्पांच्या छातीतले पट्टे

“मॅडम, मला काई झालेलं न्हाई. हिलाच उगं भेव वाटायलंय.”

पालमचे कापड दुकानदार अप्पा माझ्या गंगाखेडच्या दवाखान्यात बसून सांगत होते. दोन दिवसांनी जिंतूरला त्यांच्या नातीचं लग्न होतं.

“मग आडवं का व्हईनात?” त्यांच्या बायको, शिवकांताकाकू, मला म्हणाल्या. “रातभर भिंतीला टेकून बसायलेत.”

अप्पांचं हार्ट फेल्युअर जुनं. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त होतो, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी झिरपतं. मी पाय दाबून पाहिले. सूज नव्हती. स्टेथोस्कोपने छातीही जवळजवळ साफ वाटली. अप्पांनी काकूंकडे विजयी नजर टाकली.

“थांबा जरा.” मी सोनोग्राफीचा छोटा प्रोब काढला. सुई नाही, चीर नाही. छातीला जेल लावून बरगड्यांमधून बघायचं. हवेने भरलेल्या फुप्फुसात स्क्रीनवर आडव्या रेषा दिसतात. पाणी साठलं की वरून खाली चमकते उभे पट्टे उतरतात. अप्पांच्या दोन्ही बाजूंना पट्टेच पट्टे होते.

“डिझाइन लय भारी हाय,” अप्पा म्हणाले. “कपडा असता तर हातोहात इकला असता.”

“हे पाणी आहे, अप्पा. लघवीची गोळी चालू आहे ना?”

अप्पा हळूच म्हणाले, “पत्रिका वाटत फिरायलो होतो. येस्टीत बसल्यावर मधीच कसं उतरावं? लाज वाटती. बंद केली गोळी.”

आता काकू भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी पदराने अप्पांच्या छातीवरचं जेल पुसलं. “मला सांगायचं की हो. म्या थांबवली असती येस्टी.”

अप्पांनी हात जोडले. “मॅडम, लग्नाला तेवढं जाऊ द्या. खांद्यावर खेळवलंय तिला.”

“आधी ॲडमिट व्हा. छाती मोकळी झाली तर सोडते.”

शिरेतून लघवीचं औषध सुरू केलं. काकू दर थोड्या वेळाने त्यांना हाताला धरून बाथरूमला नेत होत्या. रात्री अप्पा आडवे झोपले. सकाळी प्रोब लावला तर पट्टे बरेच विरळ झाले होते. रक्ताचे रिपोर्टही ठीक आले. मी सोडलं, पण अटी घालून: खुर्चीत बसायचं, मीठ कमी, वरातीत नाचायचं नाही. प्रवास असेल त्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर घ्यायची, पण चुकवायची नाही.

लग्नानंतर दोघं तपासणीला आले. स्क्रीनवर आडव्या रेषा.

“नाचलात?”

“छे! न्हाई,” अप्पा म्हणाले. मागे उभ्या काकूंनी हसत दोन बोटांनी ‘थोडंसं’ अशी खूण केली.

फुप्फुसातलं पाणी प्रोबला दिसतं. ते का साठलं, हे माणसालाच विचारावं लागतं. आता लघवीची गोळी लिहिताना मी पेशंटला आधी विचारते, “आज कुठं जायचंय?”