फरहतचा न फुटलेला क्यूब

चंद्रपुरात आमच्या अभियंता संघाचं कार्यालय पूर्वी जटपुरा गेटाजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. लोखंडी जिना, एक पंखा आणि उन्हाळी वाऱ्याने दिवसभर आपटणारं एक दार. सभेला दहा माणसं आली की 'उपस्थिती उत्साहवर्धक होती' असं इतिवृत्तात लिहिलं जायचं. पंख्याखालच्या खुर्चीसाठी घटनेत तरतूद नव्हती, त्यामुळे ती कायम अध्यक्षांची.

त्या काळी दर उन्हाळ्यात संघाचा युवा विभाग क्यूबची स्पर्धा घेई. क्यूब म्हणजे काँक्रीटचा वीतभर ठोकळा. सगळ्यांना सारखंच सिमेंट, सारखीच रेती, सारखीच गिट्टी. ठोकळा बनवायचा, महिनाभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचा. ज्याचा क्यूब जास्त भार सोसून फुटेल तो विजेता. करंडक ठेवायला कार्यालयात जागा नव्हती, म्हणून बक्षीस निराळं होतं: विजेत्याने वर्षभर गुणवंतराव या ज्येष्ठ सदस्यांच्या साइटवर काम शिकायचं. पदवी तेव्हा घरोघरी होती. साइट कोणाकडेच नव्हती.

फरहतला ती साइट हवी होती. तिचे अब्बा, जलालुद्दीनभाई, पत्र्याच्या पेट्या बनवत. त्यांनी लेकीला इंजिनिअर होऊ दिलं होतं, पण नंतरच्या वर्षभरात तिला बसायला मिळालं ते ठेकेदारांच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर. साइटवर पोरगी नको, असं प्रत्येकजण अत्यंत आदराने सांगे. अब्बांनी मुदत दिली होती. "रमजानपर्यंत पाहून घे बेटा. नाई जमलं तर बी.एड. कर. शाळेले भिंती बी असतात आन् छप्पर बी."

मशीन एका कॉलेजने भंगारात काढलेली. एकाने हाताने पंप मारायचा, दुसऱ्याने काटा वाचायचा. काटा वाचायचे वामनराव, संघाचे अध्यक्ष. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. स्पर्धेचे नियम त्यांनीच लिहिलेले, आणि संघात बाकी सगळं मोडकं असलं तरी ते मात्र शाबूत होते.

त्या वर्षी राजुऱ्याच्या कुलदीपचा आकडा सगळ्यात वर होता. शेवटचा क्यूब फरहतचा. तिने त्यात वीज केंद्राची राख मिसळली होती, कारण नियमांत राखेला मनाई नव्हती, आणि पाणी इतकं कमी घातलं होतं की कुलदीप म्हणाला होता, "हे काँक्रीट आहे का चिवडा?" आता पंप मारायची पाळी त्याच्यावरच आली.

काटा चढत गेला. कुलदीपच्या आकड्याशी आला, पुढे गेला. कुलदीपचा शर्ट पाठीला चिकटला.

"फूट ना बे आता," तो क्यूबला म्हणाला.

काटा तबकडीच्या टोकाला टेकला. मशीन कण्हल्यासारखी वाजली. वामनरावांनी हात वर केला. "थांब. आता मशीन फुटन."

"किती आला भाऊ?" फरहतने विचारलं.

"आलाच नाई. फुटल्याशिवाय आकडा धरत नाई."

"पण काटा तर पार शेवटपर्यंत गेला ना."

"काटा गेला. क्यूब गेला का?"

"म्हणजे जास्त मजबूत झाला म्हणून मी हरली?"

"हरली असं कोण म्हणते? तुझा निकालच लागला नाई." वामनरावांनी चष्मा पुसला. "पुढल्या वर्षी जरा कच्चा बनव."

ते हे गंभीरपणे म्हणाले. ते सगळंच गंभीरपणे म्हणत. नागपूरला मोठी मशीन आहे असं कुणीतरी सुचवलं. पण चाचणी ठरल्या दिवशीच व्हावी असाही नियम होता. साइट कुलदीपला मिळाली. फरहतने क्यूब उचलला, दाराशी आपटला आणि म्हणाली, "राहू द्या इथीच. दार तरी आपटणार नाई."

त्या दिवशी पहिल्यांदा ते दार गप्प झालं.

संघात एखाद्याला जिंकवायचं नसेल आणि दुखवायचंही नसेल तर त्याला समितीवर घेतात. 'क्यूब न फुटल्यास करावयाची कार्यवाही' या विषयावर एक समिती नेमण्यात आली. सदस्य एकच: फरहत. तिला संघाचं शिक्का मारलेलं पत्र मिळालं. चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यात कुठे कोणती मशीन आहे ते पाहून यावं.

वामनरावांना वाटलं, विषय मिटला. फरहत खरंच निघाली. एसटीने, ऑटोने, एकदा बांबूच्या ट्रकने. नोकरी मागायला गेली असती तर गेटवरून परत पाठवली असती. हातात शिक्क्याचं पत्र आणि तोंडी 'मशीन पाहायची आहे' म्हटल्यावर खुर्ची पुसून मिळायची, चहा यायचा, आणि न विचारता खुलासेही.

अहेरीपलीकडे एका नाल्यावर पूल चालू होता. तिथला क्यूब फोडणारा माणूस मलेरिया घेऊन गावी गेलेला. साइट इंजिनिअर गोपाल म्हणाला, "मॅडम, तुम्ही तपासूनच राह्यल्या, तर आठ दिवस थांबा ना. आमचाच माणूस येईपर्यंत."

त्यांचा माणूस आला नाही. अब्बा मात्र आले. येताना पेटी घेऊन. ती त्यांनी लेकीच्या लग्नासाठी करून ठेवलेली, झाकणावर गुलाब रंगवलेले. त्यांनी अर्धा झालेला पूल पाहिला, खालचा नाला पाहिला.

"छप्पर नाई इथी," ते म्हणाले.

"पुलाले नसते अब्बा."

"मंग पेटीले कुलूप दोन लाव," म्हणाले आणि परतीची बस पकडली. मजूर तिला पूल होईपर्यंत गुलाबपेटीवाली मॅडम म्हणत.

कुलदीपने ते वर्ष गुणवंतरावांच्या साइटवर, मोहर्लीजवळ एका रिसॉर्टचा स्विमिंग पूल बांधण्यात घालवलं. माकडांनी तो पाहुण्यांच्या आधी वापरला.

आता संघाला स्वतःचा हॉल आहे. एसी आहे, पोडियम आहे, सभेआधी सिमेंट कंपनीची फिल्म असते. दार नवं आहे, आपटण्याची खोड जुनीच, म्हणून क्यूबही सोबत आला. फरहत यंदा अध्यक्ष आहे आणि एसी कमी करा म्हणत असते.

एप्रिलमध्ये नव्या मशीनचं उद्घाटन झालं. बटण दाबायचं, आकडा पडद्यावर. खुशबू नावाच्या नव्या सदस्येने सुचवलं, "मॅडम, तो जुना क्यूबच फोडू या ना पहिल्यांदा. ही मशीन फोडन त्याले."

कुलदीप आता सचिव आहे. तो म्हणाला, "फोडूनच टाक फरहत. कितीनं हरलो ते तरी समजू दे मले. बारा वर्षं झाली, झोप नाई."

फरहतने क्यूब उचलून मशीनपर्यंत आणला. एक कोपरा झिजलेला, एका अंगावर कुणाच्या तरी पानाचा डाग. ती तो हातात धरून उभी राहिली. मागे दार आपटलं. पुन्हा आपटलं.

पहिल्या रांगेतून काठी टेकत वामनराव म्हणाले, "नियमात बसत नाई. तारीख होऊन गेली."

"होय भाऊ," फरहत म्हणाली. "तुझा क्यूब आण गं खुशबू. हा कामावर आहे."

आणि तिने तो जाऊन दाराला लावला.