आत्याने निवडलेला दुर्गुण

हॉस्पिटलात एकतीस वर्षं ती सगळ्यांची मावशी होती आणि भावाच्या घरी आत्या. नावाने कुणी हाक मारलीच, तर ती आधी मागे वळून बघे, तिथे दुसरीच कुणी उभी असेल म्हणून. ‘नाही’ हा शब्द तिला येत नव्हता असं नव्हे. टाके खाजवायचे नाहीत, एकट्याने उठायचं नाही, असं ती पेशंटना दिवसातून शंभरदा बजावत असे. स्वतःसाठी मात्र तो शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

या महिनाअखेरीस ती रिटायर होणार होती. पुढचं सगळं भावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने भाड्याची खोली सोडायची आणि त्याच्याकडे राहायला यायचं. त्याच्या सासूबाई आठ महिने आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या, वहिनी नोकरी करून करून थकली होती, आणि ताईला काय, या कामाची सवयच. भाऊ वाईट नव्हता हो. त्याने कपाटातले दोन कप्पेसुद्धा तिच्यासाठी रिकामे करून ठेवले होते. मनाने चांगल्या माणसाला नकार द्यायचा म्हणजे पंचाईत असते.

आत्याला मात्र तिची खोली हवी होती. आईवडिलांची आजारपणं काढून झाल्यावर सहा वर्षांपूर्वी तिने ती घेतली होती. तिसरा मजला, एक खिडकी, आणि आतून कडी लागणारं दार. त्या दारामागे तिला रात्री कुणी उठवत नसे. खोली सोडते हे सांगायला आज संध्याकाळी ती आणि भाऊ मिळून घरमालकाला फोन करणार होती, म्हणून ती सकाळपासूनच भावाकडे आली होती.

दुपारी भाची तिचे दोन मित्र घेऊन आली. एक दाढीवाला, एक उंच मुलगी. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांचा तो फाशांचा खेळ चाले. भाची एका जादूच्या राज्याची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि त्यांचं जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. आज एक गडी कमी होता, म्हणून भाचीने आत्याला बसवलं आणि तिच्यापुढे एक कागद सरकवला. तुझं कॅरॅक्टर कसं आहे ते लिही, म्हणाली. एक गुण, एक दुर्गुण, आणि जे लिहिशील तसंच वागायचं.

आत्या चोर झाली. गुणाच्या चौकटीत तिने ‘पायांचा आवाज होत नाही’ असं लिहिलं. रात्रपाळीत वॉर्डातून चालून चालून तेवढं तिला येतच होतं. दुर्गुणापाशी पेन अडलं. दाढीवाल्याचा वैद्य गर्विष्ठ होता, उंच मुलीची योद्धी तापट. आत्याने बराच वेळ विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘स्वार्थी’.

तिघंही हसली. आत्याही हसली, पण तिने खोडलं नाही.

तिला ते काही केल्या जमेना. गोष्टीतल्या धर्मशाळेत पोचल्यावर हिने आधी विचारलं, घोड्यांना पाणी दाखवलं का. खजिन्याची पेटी सापडली तर म्हणाली, ज्याची असेल तो बिचारा शोधत असेल. भाचीच्या नाकी नऊ आले. अगं, तू चोर आहेस, स्वार्थी आहेस, असं तिला दर पाच मिनिटांनी सांगावं लागत होतं. खिडकीशी पेपर वाचत बसलेला भाऊही गालातल्या गालात हसत होता.

मग गोष्टीत किल्ला आला. किल्लेदार जखमी होऊन पडला होता. कुणीतरी माझ्यापाशी थांबा, बाकीच्यांनी पुढे जा, असं तो म्हणाला. हे काम खरं तर वैद्याचं. पण दाढीवाला बिस्किट खात सहज म्हणाला, “आत्या थांबतील ना. त्यांना सवय आहे.”

आत्याने कागदाकडे बघितलं.

“मी थांबणार नाही,” ती म्हणाली.

भाचीला वाटलं, आत्ता कुठे आत्याला खेळ कळला. तिने किल्लेदाराचा घोगरा आवाज काढून विचारलं, “का नाही थांबणार?”

“मला जायचंय म्हणून. दुसरं काही कारण नाही.”

“बघू हं, जमतं का,” म्हणत भाचीने वीस बाजूंचा फासा उचलला.

आत्याने तिचा हात धरला. “फासा नको टाकूस गं. फाशाने थांब म्हटलं, तर मी थांबेन.”

तिने हात सोडला नाही. दाढीवाल्याचं बिस्किट हातातच राहिलं. भाऊ पेपरची घडी घालत उठला आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने तिच्यापुढच्या कागदावरचा ‘स्वार्थी’ हा शब्द वाचला.

“ताई,” तो म्हणाला, “घरमालकाला फोन नको करायला.”

आत्याचे डोळे भरून आले. तिला खूप बरं वाटलं आणि तेवढंच अपराधीही वाटलं. “अरे, पण सासूबाईंचं कसं?”

“ते मी बघतो. मीच बघायला हवं होतं.”

तो आत गेला. तिकडे त्यांना कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. थोड्या वेळाने त्याचा अवघडलेला आवाज आला, सासूबाई, हात इथे धरू की खांद्याखाली. मग पलंग करकरला आणि त्या कण्हल्या.

खांद्याखाली, हे आत्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. मग टेबलाची कड घट्ट धरून ती परत खाली बसली.