उत्तरेच्या गोलमागचा लसूण

गवत कापण्याच्या आदल्या दिवशी ओनिसिम कोलोदी मैदानावर अनवाणी चालत असे. खडा, काचेचा तुकडा, कावळ्याने फोडायला आणून विसरलेला अक्रोड, सगळं त्याच्या तळव्यांना आधी कळे. बुर्याकिव्का गावातली माणसं बाजूच्या रस्त्याने जाताना म्हणत, "म्हातारा गवताला विचारून घेतोय, उद्या कापू का म्हणून." त्यात थट्टा असे, पण त्या थट्टेला कुणी कधी धार लावली नाही.

तो या मैदानावर आला होता गोलरक्षक व्हायला. साखर कारखान्याच्या संघाचं नाव 'राफिनाद', म्हणजे साखरेचे चौकोनी खडे. परगावचे प्रेक्षक आभाळात ढग दिसला की ओरडत, "येऊ दे पाऊस, विरघळतील." राफिनादचा गोलरक्षक होता लाव्रिन शेर्शेन आणि ओनिसिम त्याचा राखीव. लाव्रिन कधी आजारी पडला नाही, त्याचा पाय कधी मुरगळला नाही. ओनिसिम बाकावर बसून राहिला. लाव्रिनची बायको युस्तिना कारखान्याच्या प्रयोगशाळेत बिटाच्या रसातली साखर तपासायची. ती ओनिसिमला भर रस्त्यात विचारी, की माझ्या नवऱ्याला अजून शिंक आली नाही ना रे. आणि तो म्हणे, तू खिडकी जरा उघडी ठेवत जा. लाव्रिन दोघांच्या मध्ये उभा राहून हसत असे. त्या तिघांत कुणाच्या मनात काही सलत नव्हतं. लाव्रिनच्या हातात चेंडू आला की ओनिसिमचे हात बाकावर आपोआप मिटत, इतकंच.

खेळायचं वय सरलं तेव्हा संघाने त्याला मैदानाची निगा दिली. फाटकाजवळची खोली आणि तिच्यामागचा जमिनीचा तुकडाही दिला. लग्न त्याने केलंच नाही. विचारलं तर म्हणे, गवताला दर आठवड्याला वेळ द्यावा लागतो, बायको कशी ऐकून घेईल.

देश स्वतंत्र झाल्यावर राफिनाद काही हंगाम व्यावसायिक लीगमध्ये खेळला. मग कारखान्याचं धुराडं थंडावलं. पगार साखरेच्या पोत्यांत मिळू लागला, पुढे पोतीही थांबली. खेळाडू एकेक करून गेले. संघाचं नाव लीगमधून कधी निघालं, हे नेमकं कुणाला सांगता आलं नसतं. निरोपाचा सामना झाला नाही, भाषण झालं नाही. जाळ्या सोडवून ओनिसिमने खोलीत घडी करून ठेवल्या.

त्यानंतरच्या वसंतात लोक फावडी घेऊन मैदानावर आले. कारखान्याच्या चाळींत राहणारी माणसं. त्यांना परसबाग नव्हती आणि बटाट्याशिवाय हिवाळा काढता येणार नव्हता. ओनिसिम फक्कीचा डबा घेऊन मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. रेघेच्या बाहेर सगळं तुमचं, तो म्हणाला. गोलच्या मागे, कोपऱ्यांत, धावपट्टीवर, हवं ते लावा. "रेघेच्या आत फावडं आलं तर पहिलं माझ्या पायावर मारा."

लोकांनी बाहेरची जमीन वाटून घेतली. तेव्हापासून संघ नसताना, सामना नसताना, ओनिसिम दर वसंतात चारही बाजूंनी फक्की मारत राहिला. रेघ पुसट झाली की बटाटे आत येतील, ही त्याची भीती. पण लोकांनीही एक रीत पाडून घेतली. भरलेली बादली घेऊन पलीकडच्या वाफ्यावर जायचं असलं तरी बाया गवत न तुडवता सगळ्या मैदानाला वळसा घालून जात. नव्या सुना हसत. वर्षभरात त्याही वळसा घालू लागत.

त्याच काळात एका सकाळी दाढी करताना लाव्रिन गेला. युस्तिना चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहू लागली. वाफे वाटताना तिने उत्तरेच्या गोलमागची जागा मागून घेतली होती, ती तशीच तिच्याकडे राहिली. दर ऑक्टोबरात ती तिथे लसूण लावी. जांभळ्या सालीचा, तिखट, लाव्रिनच्या आईच्या बेण्याचा. दर वर्षी उत्तम गड्डे बाजूला काढायचे आणि त्यांच्याच पाकळ्या पुन्हा मातीत घालायच्या. असं ते बेणं सासूच्या हातून तिच्या हातात आलेलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग गावचाच रोस्तिस्लाव, ज्याने मधल्या काळात सूर्यफुलाच्या तेलाची गिरणी काढली होती, त्याने राफिनाद पुन्हा उभा केला. पोरं चांगली निघाली, प्रांताची स्पर्धा जिंकली. लीगचा निरोप आला: या, पण आधी मैदान तपासू. गोलच्या मागे ठरावीक अंतरापर्यंत जमीन सपाट आणि मोकळी हवी. तपासणी समिती जूनच्या शेवटी येणार होती.

मार्चमध्ये सांस्कृतिक भवनात सभा झाली. यंदा मैदानाभोवती कुणी काही पेरायचं नाही, असं ठरलं. बुर्याकिव्कात बटाटे लावायचे नाहीत असं म्हणणं सोपं नव्हतं, तरी सगळे हात वर झाले. युस्तिनाचाही झाला. बाहेर अजून बर्फ होतं. त्या बर्फाखाली ऑक्टोबरपासून लसूण झोपलेला आहे, हे भवनातल्या एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. पेरायचं नाही म्हणजे वसंतातलं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. खुद्द ओनिसिमनेच त्या वाफ्यावर थंडीसाठी पालापाचोळा पसरला होता, आणि तोही विसरला.

बर्फ वितळलं आणि जाळीमागे हिरव्या पाती ओळीने उभ्या राहिल्या.

"ओनिसिम झाखारोविच, हे काय आहे?" रोस्तिस्लावने आदराने, वडिलांच्या नावासकट हाक मारून विचारलं.

"लसूण."

"ते दिसतंय मला. निघणार कधी?"

"जुलैच्या मध्यावर. पात पिवळी पडल्यावर."

"समिती जूनमध्ये येतेय."

"लसणाला कुणी कळवलं नाही," ओनिसिम म्हणाला.

रोस्तिस्लाव वाईट माणूस नव्हता. त्याने दोन महिने वाट पाहिली, जणू लसूण समजूतदारपणे आपण होऊन निघून जाईल. मग जूनमध्ये म्हणाला, की बाजारातून हवा तितका लसूण आणून देतो, पण वाफा ज्यांचा आहे त्यांच्याशी तुम्ही बोला; नाहीतर मला ट्रॅक्टर घालावा लागेल.

ओनिसिम तिसऱ्या मजल्यावर गेला. युस्तिनाने त्याच्यापुढे आंबटचुक्याचं बोर्श्च, म्हणजे गरम सार, ठेवलं, वर अर्धं अंडं, चमचाभर साय. तो खात होता आणि खात नव्हता.

"बोल," ती म्हणाली. "मघापासून तुझा चमचा हवेत आहे."

त्याने सांगितलं. बाजारातल्या लसणाचंही सांगितलं.

"तो पांढरा असतो. मेणबत्तीसारखा." तिने खिडकीकडे पाहिलं. "आत्ता उपटला तर खायला होईल, ओनिसिम. बेण्याला नाही होणार. मग ऑक्टोबरात मी मातीत काय घालू?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग जे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं ते हळूहळू सांगितलं. "इतकी वर्षं मी ते गवत कुणासाठी कापलं, मलाच ठाऊक नाही. एकदा त्यावर लीगचा सामना झालेला बघायचाय. एवढंच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. ट्रॅक्टरपुढे मी उभा राहीन. फावड्यांपुढे राहिलो होतो."

न विचारता युस्तिनाने त्याचा वाडगा पुन्हा भरला.

दुसऱ्या सकाळी ओनिसिम आपल्या खोलीमागच्या तुकड्यात गेला. तिथे त्याचे बटाटे ऐन फुलोऱ्यात होते, पांढरी आणि फिकट जांभळी फुलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग कडेपासून खणत गेला. मुळांना सुपारीएवढे बटाटे लोंबत होते. रस्त्याने जाणाऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. फुलातला बटाटा उपटणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. दुपारपर्यंत बातमी बेकरीच्या रांगेत पोचली, की ओनिसिमला ऊन लागलं.

युस्तिनाही रांगेत होती. ती पाव तसाच काखेत धरून आली. उपटलेल्या रोपांच्या ढिगाजवळ थांबली, मोकळ्या केलेल्या, पाण्याने काळ्याभोर झालेल्या मातीकडे बघत राहिली.

"हे कशाला?"

"मातीच्या ढेकळांसकट उचलू. मुळांना कळणारही नाही."

"जूनमध्ये कुणी लसूण हलवतं का? गाव हसेल."

"गाव सकाळपासून हसतंय."

तिने वाकून एक इवला बटाटा उचलला, बोटांत फिरवला, एप्रनच्या खिशात टाकला. "मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. आवाजात राग शोधूनही सापडला नसता. "ऊन उतरल्यावर. आणि सगळी पोरं हवीत मला. हात धुऊन."

संध्याकाळी ढग आले. जखमी खेळाडूला बाहेर नेण्याचं स्ट्रेचर त्या दिवशी लसणासाठी निघालं. युस्तिना वाफ्याशी उभी राहून हुकूम सोडत होती: खोल खण, अजून खोल, पात धरू नकोस रे, ती काय तुझी शेंडी आहे. नव्या संघाचा तरुण गोलरक्षक मोठं ढेकूळ दोन्ही हातांत छातीशी धरून चालला होता. "चेंडू समज," ती त्याच्या मागून म्हणाली, "पण झेलल्यावर लाथ मारू नकोस." रोस्तिस्लाव फोनवर बोलत आला, त्याने फोन खिशात टाकला, कोट फाटकाला अडकवला आणि स्ट्रेचरचं एक टोक धरलं. ते सगळे रेघेच्या आतून गेले असते तर वाट अर्धी झाली असती. पण कुणी गेलं नाही. सगळी मिरवणूक मैदानाला वळसा घालून फाटकाकडे गेली.

मग ओनिसिमने गोलमागची जमीन सपाट केली, रोलर फिरवला, पाणी मारलं.

समितीची माणसं आली, टेप लावून मोजत फिरली. एकाने उत्तरेच्या गोलमागे थांबून नाक वर केलं आणि विचारलं, की इथे लसणाचा वास कुठून येतो. रोस्तिस्लाव आभाळाकडे बघू लागला. ओनिसिम म्हणाला, "मी आत्ताच जेवून आलोय." त्या माणसाने त्याच्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं आणि पुढे गेला. त्याच्याही घरी कुठेतरी वाफा असावा. मैदान पास झालं.

लसूण मात्र आडवा पडला होता. युस्तिना रोज झारी घेऊन येई आणि पाण्याबरोबर बोलणीही घाली. तुझ्या हातात मरतोय, असं ती ओनिसिमला सांगे. तो मान डोलवून दुसरी बादली भरून आणी. कडेच्या ओळी वाळल्या. मधल्या ओळींनी आठवडाभराने मान उचलली, मग कणाही ताठ केला. ते दिसल्यावर दोघंही त्याबद्दल काही बोलले नाहीत, दृष्ट लागेल म्हणून.

लीगचा पहिला सामना जुलै सरता सरता झाला. गाव लोटलं होतं. परगावच्यांनी ढग नसतानाही पावसाची हाक घातली आणि इतक्या वर्षांनी ती ऐकून बुर्याकिव्काचे म्हातारे खूश झाले. ओनिसिम रेघेबाहेर उभा राहून चेंडूपेक्षा बुटांखालचं गवत बघत होता. कुठेही उखडलं नाही. मध्यंतराची शिट्टी झाली तसा तो फाटकाकडे गेला.

युस्तिना त्याच्या खोलीमागे गुडघ्यांवर बसली होती. गर्दीचा आवाज भिंतीवरून येत होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने एक रोप उपटलं होतं. गड्डा धरलाच नव्हता. अक्रोडाएवढी एकच गोल पाकळी, वर जांभळी साल. तिने ती अंगठ्याने पुसून त्याच्यापुढे धरली.

"एकपाकळी," ओनिसिम चाचरत म्हणाला.

"बेण्याला चालतं. हे लावलं की पुढच्या वर्षी पुरा गड्डा येतो." तिने ती पाकळी एप्रनच्या खिशात ठेवली आणि पुढच्या रोपाला हात घातला. "काय झालं तिकडे?"

"एक-शून्य."

"कुणाचा?"

"त्यांचा."

"बरं," युस्तिना म्हणाली. "अजून अर्धा खेळ आहे. जा तू. जाताना ती बादली इकडे ठेव."