सहा हळदींची सोयरीक

हसा, पण शेवटपर्यंत ऐका. माझ्या एका जेवणापायी मेहुणीची पीएचडी बुडायला आली होती.

मुलुंडला आमच्याकडे नवा फ्रिज आला, त्या वर्षीची गोष्ट. डीएनए हा शब्द तेव्हा अख्ख्या बिल्डिंगीत कुणी ऐकला नव्हता. मेहुणी सुषमा मात्र दुसरं बोलायचीच नाही. चार जंगलं पालथी घालून तिने सहा जातींच्या हळदींची पानं आणली. पानातला डीएनए काढून कुठली हळद कुणाची बहीण, कुणाची लांबची आत्या, ते ठरवायचं. हळदीची सोयरीक! आता काय बोलणार, सांगा?

लॅबला दोन दिवस सुट्टी, म्हणून ओल्या कागदातल्या सहा पुड्या आमच्या फ्रिजमध्ये. प्रत्येकीला नंबर. हात लावू नका, एवढं बजावून ती गेली.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. मी पडलो मालवणचा. घरात हळदीची पानं असताना त्यात वाफवलेल्या गोड पातोळ्या नाहीत? बायकोला म्हटलं, मार्केटातून आणलीत. एका पातोळीला कापराचा वास आला, तो मी वेलचीवर ढकलला. अकरा खाल्ल्या.

मग भानावर आलो. खरोखरच मार्केटात पळालो, एक जुडी आणली, ओळखू येऊ नये म्हणून पानांचे तुकडे केले आणि तेच नंबर घालून सहा पुड्या बांधल्या. सुषमाला सांगितलं, पानं फ्रिजमध्ये मावत नव्हती, म्हणून कापली. ती चरफडत घेऊन गेली.

महिन्याने आली ती डोळे सुजवून. सहाही हळदींचा डीएनए तंतोतंत एक! सर म्हणाले होते, हा एकतर मोठा शोध आहे, नाहीतर तुला काम येत नाही. सोमवारी तिला लॅबमधल्या सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं. झक मारत कबूल केलं.

"सहाही खाल्लीत?"

"पानं नाही गं. पातोळ्या. पानं टाकली."

दिवाळीपर्यंत रानातली पानं सुकतात, त्याआधी नवी मिळाली नाहीत तर वर्ष गेलं. मीच म्हटलं, मी आणतो. कोकणातल्या माणसाला हळद शिकवू नकोस. एकटा बोरिवलीच्या जंगलात गेलो, गुडघाभर चिखल तुडवला आणि सहा ठिकाणची सहा पानं तिच्यापुढे ठेवली.

तिने एकेक चुरगाळून नाकाशी धरलं.

"भाऊजी, ही सहाही एकच आहेत. ह्या वेळी डीएनए काढायची गरज नाही."

"अगदी एकच?"

"अगदी. कर्दळ."

पुढचे चार रविवार ती स्वतः हिंडली, म्हणून वर्ष वाचलं. मलाही नेलं होतं. छत्री धरायला.