मामंजींचा करंज

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय काढत नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, माझ्या तोंडून कशाला? आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधीच बजावते, मी काही गरीब बिचारी सून नव्हते. जीभ तिखट. आणि डूख धरायचा म्हटला तर वर्षभर धरीन, वर तोंडभर हसून चहा विचारीन. माहेर माझं बिबवेवाडीचं. लग्न करून आले ती विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत, एका गावात. गाव आपलं म्हणायचं. महापालिकेत ते जाऊ घातलेलंच होतं. टेकडीपलीकडे काचेच्या कंपन्या उभ्या राहत होत्या, आमच्या आळीत खोल्या भाड्याने घेऊन कॉम्प्युटरवाली पोरंपोरी राहायला लागली होती, आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी एजंट गाडीतून उतरून विचारायचा — देणार का?

थोरले भाऊजी — म्हणजे माझे मोठे दीर — त्याला दारातूनच परत पाठवायचे. 'जमीन देतो, पण मग माझी गुरं काय तुमच्या लिफ्टमध्ये बसवू?' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बघा, त्यांचं हे वाक्य मीच तुम्हाला सांगते आहे. गावात सगळ्यांनी ऐकलेलं होतं, आणि पुढे सगळे सोयीस्कर विसरले. मीही.

तर, करंज. आमच्या रानाच्या मधोमध करंजाचं मोठं झाड होतं. मामंजींनी — माझ्या सासऱ्यांनी — तरुणपणी लावलेलं, काट्यांचं कुंपण करून, डोक्यावरून घागरी वाहून जगवलेलं. करंजच का, तर त्याच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. आणि चैत्रात रान वाळून खडखडीत होतं, तेव्हाच त्याला नवी पालवी फुटते, इतकी दाट की खाली उन्हाचा कवडसा पडत नाही. चरायला सोडलेली गुरं अकरा वाजले की आपली आपण तिथे यायची. ऊन उतरेपर्यंत रवंथ करत बसायची. सावली सरकली की तीही उठून सरकायची. आणि त्यांच्यामध्ये घोंगडी टाकून मामंजी, अंगावर करंजाची फुलं पडलेली.

वाटणी झाली तेव्हा झाड भाऊजींच्या वाट्याला गेलं. पण मामंजींनी पंचांसमोर एक गोष्ट ठरवून घेतली — झाड थोरल्याचं, सावलीत मात्र दोघांची गुरं बसतील. कागदावर लिहिलं नाही. बापाचा शब्द कोण कागदावर घेतो? भाऊजींनी सगळ्यांदेखत मान हलवली होती.

भाऊजींची आठ-दहा जनावरं, माझ्या दोनच गाई. त्यातली चांदी माझ्या जिवाची. आमचे हे कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, सकाळी जात ते संध्याकाळी येत. दिवसभर मला बोलायला चांदीच. तिच्या दुधाचे रतीब मी नव्या सोसायट्यांमध्ये घालायची. भाऊजींचेही तिथेच होते. एकदा एका बाईंनी जिन्यात विचारलं, तुमचं दूध घट्ट कसं हो? मी म्हटलं, आमच्याकडे गाय दूध देते, भाऊजींकडे नळ देतो. खरंच होतं ते! पण चार बायका फिदीफिदी हसल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते भाऊजींच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मंडईत गेले होते. मामंजी एकादशी म्हणून आळंदीला गेलेले. वैशाखाचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. परत आले तर करंजाखाली भाऊजींची सगळी गुरं निवांत बसलेली, आणि माझी चांदी बांधावर, उघड्या उन्हात, खुंट्याला आखूड दाव्याने बांधलेली. सावलीपासून दहा पावलांवर. दुसरी गाय दावं तोडून विहिरीकडे गेली होती म्हणून वाचली. चांदी सात महिन्यांची गाभण. जीभ बाहेर, तोंडाला फेस. मामंजी तेवढ्यात आले, म्हाताऱ्या माणसाने स्वतः विहिरीवरून घागरी आणून तिच्या अंगावर ओतल्या. दिवस मावळायच्या आत गेली ती.

भाऊजी बाजूलाच उभे होते. मी त्यांना बोल बोल बोलले. ते शांतपणे म्हणाले, 'ऊन काय मी पाडलं?'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगते, ती तिथून खाली उतरलीच नाही. मामंजींनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं, माफी मागायला लावली. भाऊजींनी मागितली. डोळे खाली होते. कदाचित खरीच असेल. मला नको होती. मला त्यांचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं. दुखवायचं कुठे, तेही दुसऱ्या दिवशीच ठरलं होतं. सावलीचा एवढा माज ना? बरं.

वर्षभर थांबले. सण आले, गेले, मी जाऊबाईंकडे पुरणपोळ्या लाटायला गेले. पुढच्या वैशाखात भावकीत लग्न निघालं. दोन्ही घरचे सगळे गेले. मी म्हटलं, डोकं ठणकतंय, तुम्ही व्हा पुढे. आणि भर दुपारी भाऊजींच्या गोठ्यात शिरले. तिथे खुंटीला मामंजींचं जुनं गिरमिट लटकायचं, औताच्या लाकडाला भोकं पाडायचं. ते घेतलं. बुंध्याची माती उकरली, मुळाशी भोकं पाडली, त्यात तणाचं औषध ओतलं, वर माती दाबली. गुरं तिथेच बसली होती. एका कालवडीने माझा कोपर चाटला. मी तिला ढकललं.

पण नुसतं झाड मारणं — तेवढ्याने माझं भागणार नव्हतं. त्या दिवसांत आमच्याकडे काय चाललं होतं, ठाऊक आहे? हिरवं झाड तोडायला परवानगीसाठी खेटे घालावे लागत. वाळलेल्याला कोण अडवतं? म्हणून ज्याला जमीन बिल्डरला द्यायची असे, तो आपलं झाड गुपचूप वाळवायचा. आसपासची चांगली जुनी झाडं अशीच उभ्या उभ्या गेली होती. बुंध्याला भोकं दिसली की मालकाने केलं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगे. आणि मला नेमकं तेच हवं होतं. गिरमिट मी परत खुंटीला टांगलं. पुसलं नाही. गडबडीत राहून गेलं म्हणाले तर ते खोटं होईल. हातात फडकं होतं माझ्या.

पावसाळ्यात पानं पिवळी पडली. पुढच्या चैत्रात सगळीकडे पालवी आली, करंज काळाठिक्कर. कुणीतरी बुंधा उकरला, भोकं दिसली. मग काय विचारता! चौकात चहाच्या टपरीवर भाऊजी गेले की लोक विचारत, 'काय शेठ, झाड आजारी होतं म्हणे? आता प्लॅन पास व्हायला हरकत नाही.' भाऊजी आधी भांडले, मग शपथा घेऊ लागले, मग टपरीवर जायचेच बंद झाले. मला गोड लागलं ते. लपवून काय करू? भाकरी थापता थापता मी गुणगुणायची.

मामंजींनी गिरमिट बघितलं. त्याच्या पात्याच्या खाचांत अडकलेला भुसा त्यांनी बोटावर घेतला, वास घेतला. करंजाचा कडू वास त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी थोरल्याच्या घरचं पाणी सोडलं आणि वळकटी घेऊन आमच्याकडे आले. मी त्यांना गरम भाकरी घातली, पाय चेपले. आळीतल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. ऐकून घेतलं मी. चांगलं हसून ऐकून घेतलं.

आणि आता ते सांगते, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळते आहे. झाडाचं नव्हे हो. झाडाचं मी एखाद वेळी कुणाला सांगितलंही असतं.

एका दुपारी मामंजी ओसरीवर बसले होते. समोर भाऊजींनी गुरांसाठी मांडव घातला होता — कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणून बांबूंवर ताणलेले. वरून पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली गुरं धापा टाकत उभी. त्या प्लॅस्टिकखाली बसवत नव्हतं त्यांना. भाऊजी बादल्या भरभरून एकेकीच्या पाठीवर पाणी ओतत होते. मामंजी कितीतरी वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, 'पोरी, ज्याला झाड मारायचं हाय, त्यो असं करंल का गं? मला वाटतंय माझीच चूक झाली. तू सांग. तू तोंडावर बोलणारी हाईस, तू म्हणशील ते मी खरं धरीन.'

बघा, म्हातारा स्वतःहून मुलाकडे परत निघाला होता. मला काही कबूलसुद्धा करावं लागलं नसतं. 'जा, बोला त्यांच्याशी' — एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मला चांदी आठवली. तो फेस आठवला. 'ऊन काय मी पाडलं?' — ते आठवलं. मी म्हटलं, 'मामंजी, मी धाकटी, मी कुणाचं नाव कशाला घेऊ? गिरमिट कुणाच्या गोठ्यात होतं, ते तुम्हीच बघितलंत.'

ते उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींनी गुरं विकली. टेम्पो आला तेव्हा ते एकेका जनावराच्या कपाळाला हात लावून रडत होते, मी खिडकीतून बघितलं. मग जमीनही दिली. गुरंच नाहीत तर ठेवून काय करणार? गाव म्हणालं, बघा, आम्ही सांगत नव्हतो! मामंजी एवढंच म्हणाले, 'तू बरोबर बोललीस.' त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात ते गेले. शेवटच्या दिवशी भाऊजी दारात तीन तास बसून होते. मामंजींनी त्यांना आत येऊ दिलं नाही.

दहावा आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर केला. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना. आपल्यात असं झालं की म्हणतात, जीव कशात तरी अडकलाय, एकेकाने बोलून बघा. कुणी नातवंडांना शिकवू म्हणालं, कुणी धाकट्याला अंतर देणार नाही म्हणालं. कावळे हलले नाहीत. मग भाऊजी पुढे झाले, डोकं भादरलेलं, ओलं धोतर. हात जोडून म्हणाले, 'आबा, करंज मी मारला न्हाई. तुमच्या गळ्याची आन, मी न्हाई मारला.' दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. मागून कुणीतरी कुजबुजलं, आता तरी खरं बोल म्हणावं, बापाला लटकवून ठेवलंय. भाऊजींनी वळून बघितलं आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले.

ह्यांनी माझ्या हाताला धरलं. तुझ्यावर जीव होता त्यांचा, तू बोल. मी पुढे गेले, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. दोन शब्दांचं काम होतं — मी मारला. पिंडाकडे बघत मी म्हटलं, 'मामंजी, घराची काळजी करू नका.'

कावळा आला नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

पंगतीत वाढायला मीच होते. भाऊजींनी पानावर हात आडवा धरला, घास उतरत नाही म्हणाले. मी म्हटलं, दोन घास खा, मामंजींसाठी. त्यांनी हात बाजूला घेतला. मी भात वाढला.