सावंतचा फ्रान्समधला किल्ला

"भाईसाब, सावंतजी उठ नहीं रहे..." त्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा फोन आला तेव्हा हमरिया बंदरातल्या आमच्या यार्डात मी सकाळचा चहा घेत होतो. मी शारजाला पोचेपर्यंत सगळं खलास झालं होतं. झोपेतच गेला. सहा आठवडे झाले, अजून मला त्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

यार्डाच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही सोळा वर्षं शेजारी बसलो. त्यानं लग्न केलं नाही. रविवारी दुबईत अल कुसैसला आमच्या घरी जेवायचा, आणि हात धुतले की मोबाईलवर फ्रान्समधलं एक गाव उघडायचा. टेकडीवर पडका किल्ला, त्याचा अर्धाच बुरूज उभा, खाली चर्च, बंद पडलेली बेकरी आणि थोडी घरं... बस्स. आमचा जुना फ्रेंच साहेब रिटायर होऊन तिथे एकटा राहत होता आणि दर नाताळात सावंतला ये म्हणून लिहायचा.

"आपल्याकडे किल्ले कमी पडले का रे?" मी चिडवायचो.

"तिथे मला कुणीतरी बोलावतंय," तो एकदा म्हणाला. "आपल्या किल्ल्यांवर कोण बोलावतं?"

मी हसण्यावारी नेलं. गेल्या वर्षी त्याची रजा मंजूर झाली तेव्हाही मीच मध्ये तोंड घातलं. मालवणला त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. सख्खा काका लग्न सोडून पडके दगड बघायला गेला तर लोक काय म्हणतील, असं मी त्याला सुनावलं. माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, लेट हिम गो." मी तिलाच गप्प केलं. "तसंही एकट्यानं जायला नको वाटतं," असं पुटपुटत सावंत मुकाट्यानं लग्नाला गेला. परतल्यावर म्हणाला, जेवण छान होतं. तिथे त्याची कुणी फारशी विचारपूस केली नसावी.

साहेबाला कळवायचं मात्र मला धाडस होईना. शेवटी मागच्या रविवारी मेल केली. सावंतला मीच अडवलं, हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका, म्हातारा लिहितो, तो एकटा कधीच येणार नव्हता. माझा मित्र हो म्हणाला की दोघे येतो, असं तो दर वर्षी कळवायचा.

मला त्यानं एकदाही सरळ विचारलं नाही. माझी थट्टा ऐकून कसा विचारणार होता?

मेलसोबत फोटो होता. लहानशी खोली, शेजारी शेजारी दोन पलंग, दोन्हींवर धुतलेल्या चादरी. खाली साहेबानं विचारलंय, तुम्ही एकटे याल का?